अप्पांची जिग आणि घरचा फेर

नव्या सुनेसमोर माणसं कपाटासमोर बोलावं तशी बोलतात. ती ऐकते आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यामुळे लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की कुणी "सासर कसं आहे?" विचारलं, की मी "बरं आहे" म्हणते आणि गप्प बसते. सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

माणगावच्या माझ्या मैत्रिणींकडे सासूचे किस्से आहेत, नणंदेचे आहेत, एकीकडे तर सासऱ्यांच्या कवळीचे आहेत. माझ्याकडे आयरिश नाचाचे आहेत. एवढं सांगितलं की त्या आधी हसतात आणि मग माझ्या कपाळाला हात लावून बघतात.

पेण आणि रोहा मिळून आमचं आठ माणसांचं मंडळ आहे. तिकडे आयर्लंडच्या खेड्यांत चार जोड्या चौकोन करून समोरासमोर उभ्या राहतात आणि व्हायोलिनच्या जुन्या धुनांवर नाचतात. तो नाच आम्ही इकडे नाचतो. का, ते विचारायचं नाही. मीही विचारलेलं नाही.

* * *

मला बघायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का, नोकरी करणार का, असलं काही कुणी विचारलं नाही. नितीनचे थोरले चुलतभाऊ सतीशभाऊजी सोबत आले होते. त्यांनी आधी माझी उंची विचारली. मग आईकडे वळून म्हणाले, "गरगर फिरल्यावर हिला चक्कर येते का?"

आईला वाटलं, आपल्या घराण्यात फिट येते असं कुणीतरी यांना कळवलंय. ती घाईघाईनं म्हणाली, की ताम्हिणी घाटात अख्खी एसटी ओकत असते तेव्हा आमची पोरगी शेंगदाणे खाते. भाऊजींनी नितीनकडे असं पाहिलं, की जणू पत्रिका जुळली.

मग आम्हा दोघांना रीतसर गच्चीवर बोलायला पाठवलं. नितीन बराच वेळ कठड्याकडे बघत राहिला आणि अचानक म्हणाला, "डावा हात कुठला? पटकन."

मी डावा हात वर केला. त्याचा चेहरा इतका उजळला, की मला वाटलं, मुलगा साधा दिसतो, अपेक्षा कमी आहेत.

लग्नानंतर कळलं, की मंडळातली चौथी बाई, एक नर्स, बदली होऊन गेली होती. नितीनची जोडी अर्धी राहिली होती. माझ्याआधी बघितलेली मुलगी एमएस्सी होती, दिसायला देखणी होती, गळाही छान होता. पण बिचारीनं उजवा हात उचलला.

* * *

या सगळ्याचं मूळ सतीशभाऊजी. ते काही वर्षं आयर्लंडमध्ये एका वृद्धाश्रमात नर्सचं काम करत होते. तिथले म्हातारे-म्हाताऱ्या आठवड्यातून एकदा खुर्च्या बाजूला सारून नाचायचे आणि गुडघे दुखणाऱ्यांच्या जागी भाऊजींना उभं करायचे. बाकीची माणसं परदेशातून टीव्ही आणतात, परफ्यूम आणतात. भाऊजींनी नाच आणला आणि एक चपटी लोकरीची टोपी आणली. ती ते पेणच्या मे महिन्यातसुद्धा घालतात.

आता ते धाटावच्या एका कंपनीत दवाखाना सांभाळतात. त्यांचं प्रत्येक वाक्य "तिकडे" या शब्दानं सुरू होतं. तिकडे रांगेत उभे राहतात. तिकडे हॉर्न वाजवत नाहीत. त्यांच्या बायकोला, सुषमावहिनींना, हे पाठ आहे. एकदा भाऊजी म्हणाले, "तिकडे नवरे स्वतःचं ताट स्वतः घासतात." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मग तिकडून येताना नवराच आणायचा होता, टोपी कशाला आणलीत?"

नाच आला, पण वाजवणार कोण? त्या नाचाच्या धुना व्हायोलिनवरच्या, आणि आख्ख्या घरात व्हायोलिन एकच. ते माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं. अप्पा आयुष्यभर पेणच्या भजनी मंडळाला साथ करत आले. पण मंडळानं अलीकडे एका तरुणाला कीबोर्डसकट घेतलं. त्याच्या कीबोर्डात बासरी आहे, सनई आहे, आणि व्हायोलिनही आहे. अप्पांना कुणी जा म्हटलं नाही. फक्त सतरंजीवर त्यांच्या जागी कीबोर्डाचं स्टँड आलं.

तेव्हापासून त्या व्हायोलिनला काम उरलं ते आमच्या नाचाचंच. हे घरात कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. तालमीच्या दिवशी अप्पा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसतात.

* * *

अप्पांना धुना शिकवायच्या होत्या. फोनवर ऐकायचं म्हटलं, तर अप्पा म्हणाले, माणसाकडून आलेलं हवं, यंत्राकडून आलेलं नको. म्हणून भाऊजींनी त्या गुणगुणून दाखवल्या. भाऊजींचा आवाज कसा आहे ते वहिनींनी एकदाच सांगितलंय, की अंघोळ करताना ते गातात तेव्हा शेजारचे पाण्याची मोटार बंद करायला धावतात.

पहिली जिग, म्हणजे तिकडची सहा मात्रांची उडती धून, ऐकून अप्पा म्हणाले, "हा तर दादरा."

मग रील, म्हणजे चार मात्रांची धावती धून, ऐकून म्हणाले, "आणि हा केरवा. एवढ्यासाठी विमानानं गेलास?"

खरं भांडण पुढेच होतं. या धुनांचे दोन भाग असतात. पहिला दोनदा वाजवायचा, दुसरा दोनदा, की लगेच पुन्हा पहिल्यापासून. थांबणं नाही, वळणं नाही. नाचणाऱ्यांची पावलंही त्याच हिशेबानं बसवलेली. अप्पांना हे पटेना. भजनात अंतरा झाला की ध्रुवपदावर यावंच लागतं. म्हणून दुसरा भाग संपला, की अप्पा पहिल्या भागावर एक जास्तीची चक्कर मारून, त्यावर ऐटीत तिहाई घेऊन मगच पुढे जात.

भाऊजी म्हणाले, "अप्पा, तिकडे असं परत येत नाहीत."

अप्पा गजाला राळ लावत म्हणाले, "परत येत नाहीत? मग त्यांच्या घरी दिवा कोण लावतं?"

आता त्या जास्तीच्या चकरेत नाचणाऱ्यांनी करायचं काय? सगळे आपापल्या जागी अडाण्यासारखे उभे. तेव्हा गडबच्या काकूंनी तोडगा काढला. गडबला काका-काकूंची भातशेती आहे, हायवेला लागून दुकान आहे, आणि मंडळातली तिसरी जोडी त्यांची. काकूंनी काकांचा हात धरला, जागच्या जागी एक गोल चक्कर मारली आणि म्हणाल्या, "असं उभं काय ऱ्हायचं गो, मयताला आल्यासारखं? फिरा की घरातल्या घरात."

तोच आमचा 'घरचा फेर'. प्रत्येक जोडीची जी जागा असते तिला तिकडेही घरच म्हणतात, हे भाऊजींनी सांगितलं आणि लगेच सांगितल्याचा पश्चात्ताप केला. कारण अप्पा म्हणाले, "बघ. त्यांना ठाऊक होतं. फक्त विसरले."

* * *

तिकडे म्हणे धुनेला पुष्कळदा नाव नसतं. ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव लावतात. अमक्याची जिग, तमक्याची रील. भाऊजी हे सांगताना डोळे मिटतात.

त्या न्यायानं सगळ्याच धुना 'सतीशच्या' व्हायला हव्या होत्या. भाऊजींची त्याला हरकतही नव्हती. पण मंडळानं आपापलं काम केलं. एक धून छान चालू लागते, मध्येच अडकते, जागच्या जागी घुटमळते आणि मग एकदम सुटते. तिला आम्ही 'वडखळ' म्हणतो. मुंबई-गोवा हायवेवरच्या त्या नाक्यावरून ज्यांनी गाडी नेली आहे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी एक इतकी सरळ आणि कंटाळवाणी आहे, की तिचं नाव 'कंपनीचा रस्ता'.

सगळ्यात वेगवान रीलवरून मात्र जुंपली. मंडळातली चौथी जोडी रोह्याची, मोहिते सर आणि मोहितेबाई. सर शाळेत पीटी शिकवतात, त्यामुळे नाचतानाही तोंडानं एक-दोन चालू असतं. सरांचं म्हणणं, या धावत्या रीलला रोह्याचं नाव द्या, कारण रोहेकरांचाच पाय तेवढा उचलतो. अप्पा पेणचे. ते म्हणाले, नाव द्यायला ना नाही, पण मग ती रोह्यापर्यंत नेऊन सोडायला लागेल, आणि संध्याकाळी परतीची गाडी मिळत नाही.

त्या धुनेला अजून नाव नाही. वाजवायची असली, की अप्पा नुसतं रोह्याच्या दिशेला तोंड करतात.

* * *

तालीम पेणला, काकांच्या मेहुण्यांच्या गणपतीच्या कारखान्यात होते. गणपती उठले की शेड रिकामी होते, मोठी, गुळगुळीत फरशीची. दिवाळीनंतर मात्र नव्या मूर्ती साच्यातून निघू लागतात. मग दर आठवड्याला भिंतीकडून आणखी एक रांग पुढे सरकते आणि आमचा चौकोन लहान होत जातो. माघात तर अशी वेळ येते, की चार जोड्या, आणि बाजूला कोरे, बिनरंगाचे, बिनडोळ्यांचे शेदोनशे गणपती बघतायत. मेहुण्यांनी बजावलंय, की मूर्तीला धक्का लागला तर नाच बंद. त्यामुळे मोहिते सर माघापासून कोपर पोटाशी घट्ट धरून नाचतात. रोह्यात लोकांना वाटतं, सरांचं पोटाचं ऑपरेशन झालंय.

मेहुण्यांचा दुसरा नियम, शेडमध्ये चपला-बूट बाहेर. आणि आयरिश नाचाची अर्धी मजा म्हणे बुटात असते. फरशीवर टाचा वाजल्या पाहिजेत. भाऊजींनी खास कडक टाचांचे बूट आणले होते. मेहुणे म्हणाले, "बाप्पाच्या म्होरं बूट? तुमच्या तिकडं चालत असंल."

भाऊजी दोन आठवडे सुतकात. अनवाणी आठ जणं नाचतायत आणि आवाज कसला, तर भाजी निवडल्यासारखा.

मग एका तालमीत खणखण आवाज येऊ लागला. भाऊजी थांबले, इकडेतिकडे बघू लागले. माझी जोडवी नवी होती, जड होती, आणि मला पाय आपटायला सांगितलं होतं म्हणून मी आपटत होते. दुसऱ्या तालमीला वहिनी आणि मोहितेबाई ठेवणीतली जोडवी घालून आल्या. काकूंनी तर आपली आणि सासूची, दोन्ही घातली.

पुरुषांचं काय? ते तसेच निःशब्द. मग काकांनी घरून बैलाची घुंगुरमाळ आणली, दोन तुकडे केले आणि पोटऱ्यांना बांधली. भाऊजी कळवळून म्हणाले, की तिकडे असं कुणी केलेलं नाही. काका म्हणाले, "तिकडं बैल नसतील."

* * *

नितीन धाटावलाच शिफ्टमध्ये आहे. त्याची सेकंड शिफ्ट असली की माझी जोडी मोडते. पण तालीम थांबवायची नाही, हा भाऊजींचा नियम. म्हणून नितीनच्या जागी प्लास्टरची गोणी उभी करतात. मी गोणीला नमस्कार करते, गोणीभोवती फिरते, गोणीच्या उजव्या बाजूनं जाऊन डाव्या बाजूनं येते.

पहिल्यांदा मला वाईट वाटलं होतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता.

मोहितेबाई समजूत घालायला आल्या, म्हणाल्या, "वाईट नको वाटून घेऊ, आज तुमची जोडी फार छान दिसली." जोडी म्हणजे मी आणि गोणी, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि माझ्या लक्षात आलं तोवर मी "थँक्यू" म्हणून बसले होते.

काकू मात्र माझ्याजवळ येऊन गोणीवर थाप मारत म्हणाल्या, "पायावर पाय देत नाय, उलटं बोलत नाय, बोलावलं तवा हजर. ह्योच ठेव गो पोरी."

नितीनला हे मी सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, तो नसला की माझं अडतं.

* * *

आमचा पहिला जाहीर कार्यक्रम वडखळजवळ एका हळदीत झाला. काकूंच्या भाचीची हळद. बेंजो पार्टी जोरात होती, पोरं घामाघूम होऊन नाचत होती. बेंजोवाले जेवायला उठले तेवढ्यात आम्हाला जागा मिळाली.

चार जोड्या चौकोनात उभ्या राहिल्या. हात हातात. भाऊजींनी अप्पांना मान हलवून खूण केली.

अप्पांनी आलाप सुरू केला.

आम्हाला हे ठाऊक नव्हतं. अप्पांचं म्हणणं, तालमीत ठीक आहे, पण चार लोकांत वाजवायचं तर राग आधी मांडावा लागतो. आम्ही आठ जण एका पायावर भार देऊन, चेहऱ्यावर हसू ठेवून, हात धरून उभे. अप्पा डोळे मिटून मंद्र सप्तकात. भाऊजी ओठ न हलवता "अप्पा... अप्पा..." म्हणत होते. मंडप चिडीचूप झाला. हळदीच्या मंडपात शांतता पसरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

अप्पा आलाप संपवून धुनेवर येतात न येतात, तोच बेंजोवाले जेवून परतले आणि आमचा वेळ संपला.

आम्ही एक पाऊलही न टाकता खाली उतरलो. नवरदेवाचे मामा खास भेटायला आले. भाऊजींचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "लय आवडला नाच. नायतर हल्ली नुसता धांगडधिंगा."

* * *

त्या हळदीनंतर भाऊजींचं आणि अप्पांचं बिनसलं.

मोहिते सरांच्या शाळेत रोह्याला स्नेहसंमेलन होतं, तिथे आम्हाला नाचायचं होतं. भाऊजी मोठा ब्लूटूथ स्पीकर घेऊन आले. म्हणाले, या वेळी खऱ्या आयरिश धुना, खऱ्या वादकांच्या. आलाप नाही, परत येणं नाही. अप्पांनी समोर बसून आरामात बघावं. बोलताना ते अप्पांकडे बघत नव्हते, स्पीकरचं चार्जिंग बघत होते.

अप्पा म्हणाले, "चांगलं आहे. माझेही खांदे दुखतातच." आणि वाजवायला निघावं तसा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत येऊन बसले.

स्पीकर सुरू झाला. आवाज स्वच्छ, वेग पक्का, एक मात्रा इकडे नाही की तिकडे नाही. पहिला भाग दोनदा. दुसरा भाग दोनदा. आणि आम्ही आठही जण, स्वतः भाऊजींसकट, कुणीही न सांगता घरच्या फेराला वळलो.

धून वळली नाही. ती सरळ पुढे गेली.

आम्ही फेर संपवून बाहेर पडलो तेव्हा ती आमच्या पुढे होती. काहींनी धावून गाठायचं ठरवलं, काहींनी थांबून वाट बघायची ठरवली. मोहिते सरांचं एक-दोन वेगळ्याच आकड्यावर गेलं. मी नितीनचा हात धरायला गेले आणि हातात काकांचा हात आला. काकू मोहिते सरांबरोबर विंगेत गेल्या त्या परत आल्या नाहीत. शेवटी स्टेजच्या मध्यभागी भाऊजी एकटे उरले, आणि ते पुन्हा घरचा फेर घेत होते.

पोरांनी वन्समोअर दिला. सरांच्या शाळेत आजवर कशालाच वन्समोअर मिळाला नव्हता.

परतताना भाऊजी गाडीत म्हणाले, की आपल्याला चुकीची सवय लागलीये, स्पीकरवर तालीम केली की जाईल. घरी आल्यावर अप्पांनी व्हायोलिनची पेटी बाहेरच्या खोलीतून उचलून आत कपाटावर ठेवली. सासूबाईंनी विचारलं, तिथे कशाला? अप्पा म्हणाले, धूळ बसते बाहेर.

पुढे काही दिवस मी त्यांना जेवायला वाढताना बघत होते. उजवा हात जेवायचा. डाव्या हाताची बोटं पाटाच्या कडेवर दाबत, उचलत, सरकत असायची. 'वडखळ' असायची बहुतेक, कारण मध्येच अडकायची.

* * *

आणि मग नोराबाई आल्या.

भाऊजी ज्या वृद्धाश्रमात होते तिथे या बाईंची आई होती. भाऊजींनी तिची खूप सेवा केली होती, म्हणून भारतात फिरायला आलेल्या नोराबाई मुद्दाम वाट वाकडी करून पेणला आल्या. साठीच्या पुढच्या, उंच, लाल चेहऱ्याच्या. लहानपणापासून त्या हा नाच नाचत होत्या. घरात चार पिढ्या व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या.

भाऊजींना हर्ष मावेना. त्यांनी सगळ्यांना कारखान्यात बोलावलं आणि सगळ्यांसमोर अप्पांना म्हणाले, "आता तुमचंही नको आणि माझंही नको. नोरा सांगेल ते फायनल. ती म्हणाली हे चुकीचं आहे, तर यापुढे स्पीकर."

अप्पा पेटी घेऊन आले होते. एवढंच म्हणाले, "ती म्हणेल तसं."

स्पीकर खुर्चीवर चार्ज होऊन तयार होता.

त्या दिवशी वहिनींनी आपली जागा नोराबाईंना दिली आणि स्वतः मूर्तींच्या रांगेपाशी बसल्या. नोराबाईंनी कुणी न सांगता बूट दाराबाहेर काढले. अप्पांनी आलाप केला नाही. सरळ जिग सुरू केली.

पहिला भाग, दुसरा भाग. नोराबाई सुरेख नाचत होत्या, त्या वयात पाय फरशीला लागतो न लागतो असे. भाऊजी आमच्याकडे बघून भुवया उडवत होते. मग अप्पा ध्रुवपदावर वळले, आम्ही सगळे घरच्या फेराला वळलो, आणि नोराबाई एकट्याच पुढे गेल्या. चौकोनाच्या मध्यभागी जाऊन थांबल्या. चहूकडे बघू लागल्या.

भाऊजींनी अप्पांकडे असं पाहिलं, की बघा.

पण काकू हात लांब करून नोराबाईंना ओढत होत्या. "हितं ये गो बाय. आपल्या घरला ये. मंग जा कुठं जायाचं त्ये."

पुढच्या वेळी नोराबाई पुन्हा चुकल्या. त्याच्या पुढच्या वेळी त्या जरा थबकल्या, अप्पांच्या गजाकडे बघत राहिल्या, आणि तिहाई सुरू व्हायच्या आधी स्वतःच वळून घरी आल्या. मग मात्र त्या चुकल्या नाहीत. शेवटच्या फेराला त्यांनी भाऊजींनाच हाताला धरून फिरवलं, कारण भाऊजी त्यांच्याकडे बघण्याच्या नादात पुढे निघाले होते.

तो फेर झाला तशी मी चौकोनातून निघाले, शेडच्या मागे मेहुण्यांच्या बायकोनं चहासाठी स्टोव्ह पेटवला होता तिकडे गेले. चहाचा ट्रे घेऊन परत आले तेव्हा धून संपली होती.

नोराबाई अप्पांसमोर उभ्या होत्या. धाप लागली होती. त्या वळून भाऊजींशी तिकडच्या भरभर इंग्रजीत बोलू लागल्या, त्यातला 'होम' हा एक शब्द तेवढा मला पुन्हा पुन्हा कळला. बराच वेळ बोलल्या. बोलताना एकदा अप्पांकडे बोट केलं, एकदा स्वतःच्या छातीवर हात ठेवला. भाऊजींनी टोपी काढली. ती हातात चुरगाळत ते ऐकत होते.

त्यांचं बोलणं संपलं. काकांच्या पोटरीचं एक घुंगरू तेवढं वाजलं.

अप्पांनी व्हायोलिन हनुवटीखालून काढलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय म्हणते रे ती?"

भाऊजींनी नोराबाईंकडे पाहिलं. मग खुर्चीवरच्या स्पीकरकडे पाहिलं. जाऊन तो उचलला, वायर गुंडाळली, बाहेर स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि परत येऊन आपल्या जागी उभे राहिले.

"म्हणते, चहा फार छान झालाय. आणि वडखळ वाजवा म्हणते."

अप्पांनी मान हलवली आणि गज टेकवला.

ट्रे माझ्या हातात होता. एकाही कपाला अजून कुणी हात लावला नव्हता.